तीनचाकी मोटरसायकलची बॅटरी आणि वायरिंग: बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा

सेल्फचं बटण दाबलं की नुसतं 'टक' ऐकू येतं. किंवा गाडी सुरू होते, पण डॅशबोर्डवर तीन-चार इशाऱ्याचे दिवे पेटून राहतात. अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी बसवतात. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग नवीही उतरते. पुढे रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदलला जातो, त्यानंतर एखादा सेन्सर. असं करता करता कधी खरा दोष हाती लागतोही, पण तोवर दोन-तीन चांगले भाग विनाकारण काढून टाकलेले असतात.

म्हणून एकच अट पाळा: मल्टिमीटरने ज्याचा दोष दाखवला नाही, तो भाग बदलायचा नाही.

तीनचाकीत ही अट जास्तच महत्त्वाची आहे. पुढे दोन चाकं असलेल्या कॅन-ऍम स्पायडरसारख्या गाडीत पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. जोडीला एबीएस आणि गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. या सगळ्यांना स्थिर व्होल्टेज लागतं. सेल्फ मारताना ते फार खाली गेलं, तर सेन्सर धडधाकट असूनही बिघाडाचा कोड नोंदला जातो. दुचाकीला मागे दोन चाकं जोडून केलेल्या ट्राइकचं दुखणं वेगळं असतं: नंतर जोडलेलं मागचं वायरिंग, फायबरची बॉडी, रिव्हर्सची मोटर. तपासणीचा क्रम मात्र दोन्हींसाठी तोच.

हे सगळं पेट्रोल इंजिनाच्या, १२ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरीच्या (सीलबंद एजीएम किंवा जेल, नाहीतर पाणी घालायची) गाडीसाठी आहे. लिथियम बॅटरीचे आकडे वेगळे असतात. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मुख्य बॅटरीला तर या पद्धतीने हातही लावू नका.

## तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पण त्याला १० अँपिअरचं वेगळं छिद्र हवं. सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर काम फार सोपं होतं. त्याशिवाय १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाने, पितळी तारांचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, बॅटरीच्या प्रकाराला चालणारा चार्जर आणि एक वही जवळ ठेवा. वही हवीच. आकडे डोक्यात राहत नाहीत आणि क्रम तिथेच मोडतो.

गाडी सपाट जागी लावा, पार्किंग ब्रेक ओढा आणि चाकांखाली अडण लावा. तीनचाकी कलंडत नाही म्हणून लोक हे टाळतात, पण न्यूट्रलमधली तीनचाकी आवाज न करता घरंगळते.

डॅशबोर्डवर कोड दिसत असतील तर पुसण्याआधी सगळे वहीत उतरवून घ्या. त्यांच्यामागे आत्ताच लागू नका.

सावधान: बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर, जोडताना आधी पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवताना पाना फ्रेमला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर शॉर्ट होऊन पाना लाल होतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट जळू शकतं.

## १. बॅटरी स्थिर असताना मोजा

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) वायरच्या लगला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीला, न लावता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला लावा. पुढे चौथ्या टप्प्यात हा फरक कळीचा ठरतो, म्हणून सवय आत्ताच लावून घ्या.

गाडी नुकतीच चालवली असेल किंवा चार्जर आत्ताच काढला असेल, तर आकडा फसवा येतो. बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो. तीन-चार तास थांबा. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि मग मोजा.

१२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे तळाला आलेली. साधारण १०.५ दिसत असेल आणि रात्रभर चार्ज करूनही आकडा वर सरकत नसेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. प्रत्येक सेल जेमतेम २.१ व्होल्ट देतो, तेवढाच आकडा कमी झालेला असतो. ती बॅटरी बदला, तिथे वाद नाही.

१२.४ पेक्षा कमी असेल तर पुढचा कोणताही टप्पा करण्याआधी पूर्ण चार्ज करा. चार्जरचा करंट बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाएवढा ठेवा, म्हणजे २० अँपिअर-तासाच्या बॅटरीला २ अँपिअर. चार्जरवर बॅटरी 'दुरुस्त' करणारा मोड असेल तर बॅटरी गाडीत जोडलेली असताना तो लावू नका. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जाऊ शकतं.

हमखास होणारी चूक: १२.७ दिसलं की बॅटरीला क्लीन चिट देणं. हा आकडा बॅटरी भरलेली आहे एवढंच सांगतो. ती ओझं पेलेल का, हे त्यातून कळत नाही.

## २. सेल्फ मारताना मोजा

प्रोब खुंट्यांवरच ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. तीन-चार सेकंद पुरे. सगळ्यात खाली गेलेला आकडा लिहून घ्या.

१० व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत आहे. ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली होती, तर ती थकली आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: सेल्फची मोटर आतून जाम झाली असेल तर ती जास्त करंट ओढते आणि चांगल्या बॅटरीलाही खाली खेचते. म्हणून शक्य असेल तर खात्रीच्या दुसऱ्या बॅटरीवर हीच चाचणी पुन्हा करा.

आवाजही ऐका. 'टकटकटकटक' असा भराभर आवाज म्हणजे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतोय आणि व्होल्टेज कोसळल्यामुळे लगेच सुटतोय. बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. एकच 'टक' येऊन पुढे शांतता, आणि त्या वेळी बॅटरीचा आकडाही फारसा हलला नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. चौथ्या टप्प्याकडे जा.

आवाजच नाही आणि डॅशबोर्ड नीट उजळलेला आहे? मग आधी किल स्विच, न्यूट्रल आणि ब्रेक बघा. काही तीनचाकींत पायाचा ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ब्रेक स्विच बिघडला की गाडी मेल्यासारखी वाटते. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का हे बघायला दहा सेकंद पुरतात, तरी ही तपासणी जवळपास सगळेच विसरतात.

सावधान: दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करणार असाल, तर ती गाडी १२ व्होल्टचीच हवी आणि तिचं इंजिन बंद हवं. शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीला लावू नका, इंजिनाच्या उघड्या धातूला लावा.

## ३. चार्जिंग मोजा

इंजिन सुरू, प्रोब बॅटरीवर. आधी आयडलला बघा, मग ३,००० ते ४,००० आरपीएमला. वरच्या आरपीएमला १३.५ ते १४.७ या पट्ट्यात आकडा स्थिर राहायला हवा. मग हेडलाइट, पंखा, गरम होणारे ग्रिप, जे जे असेल ते सगळं लावा. तरीही या आरपीएमला आकडा १३ च्या खाली जाता कामा नये.

१५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तशी गाडी चालवू नका, बॅटरी उकळेल आणि दिव्यांपासून कंट्रोल युनिटपर्यंत सगळ्याला धोका आहे. १२.६ वरून खालीच उतरत असेल तर चार्जिंग होतच नाहीये. त्यासाठी रेग्युलेटर आणि चार्जिंग कॉइल (इंजिन फिरताना वीज तयार करणारी) यांच्यातला कप्लर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, सोडवा. यात सहसा एकाच रंगाच्या तीन वायर असतात. आधी कप्लरच नीट बघा. एखादी पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर दोष निम्मा सापडला.

मग कॉइलच्या बाजूला:

- तीन वायरींपैकी दोन-दोन घेऊन ओहम मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आणि १ ओहमच्या खाली हवेत. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा.
- प्रत्येक वायर आणि इंजिनाचा धातू यांच्यात काहीच जोड दिसायला नको. दिसला तर कॉइल अर्थ झाली, म्हणजे तिची तार धातूला टेकली.
- कप्लर सुटाच ठेवून इंजिन सुरू करा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि तिन्ही जोड्या बघा. आरपीएमबरोबर आकडा वाढला पाहिजे आणि तिन्हींत सारखा हवा. किती हवा हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, पण एक जोडी बाकी दोघींपेक्षा बरीच मागे असेल तर मॅन्युअलशिवायही निकाल लागला.

कॉइल चांगली, कप्लर चांगला, तरी चार्जिंग नाही, असं झालं तरच रेग्युलेटरकडे बोट दाखवा.

तपासा: कॉइलची चाचणी थंड इंजिनावर पास झाली तरी अर्धा तास गाडी चालवून, इंजिन गरम असतानाच पुन्हा करा. जळत आलेली कॉइल अनेकदा तापल्यावरच अर्थ होते. 'सकाळी ठीक असते, दुपारी बॅटरी उतरते' या तक्रारीमागे हे कारण निघतं. या वेळी सायलेन्सरपासून हात जपा.

## ४. जोडण्यांमध्ये खर्ची पडणारं व्होल्टेज मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पाहिलेल्या चुकांपैकी बहुतेक हा टप्पा गाळल्यामुळेच झालेल्या आहेत.

लग घट्ट आहे म्हणजे जोड चांगला, असं नसतं. बोल्ट पान्याने हलत नाही, पण लगच्या खाली रंगाचा थर किंवा पांढरी बुरशी असली की करंट अरुंद वाटेने जातो. दिवे लावायला तेवढी वाट पुरते. सेल्फला लागतो तो मोठा करंट मात्र तिथे अडकतो आणि व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. ओहम मोजून हे दिसत नाही, कारण मीटर ओहम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं.

निगेटिव्ह बाजू: काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल प्रोब इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा.

पॉझिटिव्ह बाजू: लाल प्रोब पॉझिटिव्ह खुंटीवर, काळा सेल्फच्या मोटरवरच्या जाड वायरीच्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवा.

आकडा जास्त आला तर वाट तुकड्यांत मोजा: खुंटी ते लग, लग ते वायरचं दुसरं टोक, तिथून फ्रेम, फ्रेम ते इंजिन. पॉझिटिव्हला खुंटी ते स्टार्टर रिले, रिलेच्या दोन बोल्टांमधलं अंतर, रिले ते मोटर. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो, दोष तिथेच.

माझ्या गाडीवर स्टिअरिंगचा इशारा रोज सकाळी लागायचा. स्थिर आकडा १२.७, चार्जिंग १४.२. माझ्या दोन बॅटऱ्या त्यात गेल्या. शेवटी निगेटिव्ह बाजू मोजली तर सेल्फ मारताना ०.९ व्होल्ट. सीटखाली फ्रेमला जोडलेल्या अर्थच्या वायरचा बोल्ट इतका घट्ट होता की पाना लावून अंगाचा भार टाकावा लागला. लग उचलला तर खाली फ्रेमचा काळा रंग जसाच्या तसा, फक्त बोल्टच्या आट्यांपुरती चकाकी. सगळा करंट त्या आट्यांतून जात होता. रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडला, लगची मागची बाजू पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला. आकडा ०.०८ वर आला आणि इशारा त्या दिवसापासून गेला.

जोड साफ करताना दोन्ही पृष्ठभाग चमकेपर्यंत घासा, आवळा आणि मग वरून ग्रीसचा पातळ थर द्या. ग्रीस ओल बाहेर ठेवायला असतं. आधी ग्रीस फासून त्यावर लग दाबू नका. खुंटीवरची पांढरी-निळी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, पण पाणी घालायच्या बॅटरीत ते झाकणातून आत जाऊ देऊ नका.

## ५. गाडी उभी असताना उतरते का

चालवली की ठीक, आठ दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, अशी तक्रार असेल तरच हा टप्पा करा.

चावी काढा आणि निगेटिव्ह वायर सोडवा. मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या छिद्रात घाला, मग मीटर निगेटिव्ह वायर आणि निगेटिव्ह खुंटी यांच्या मध्ये जोडा. सुरुवातीचा आकडा मोठा दिसेल. घाबरू नका, कंट्रोल युनिटं झोपी जायला वेळ घेतात. अर्धा तास गाडीला हात न लावता थांबा.

घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिट मिळून काही मिलिअँपिअर जाणारच. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर शोध घ्या. हिशेब सोपा आहे: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. २० अँपिअर-तासाची बॅटरी आठ-नऊ दिवसांत अर्धी होते.

सावधान: मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर नकोच. मीटरचा फ्यूज उडेल.

आता एकेक फ्यूज काढा, आकडा बघा, फ्यूज परत लावा. ज्याच्या वेळी आकडा धाडकन खाली येतो, त्या फ्यूजच्या वाटेवर गळती आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर थेट बॅटरीला जोडलेलं काहीतरी असणार: मोबाइल चार्जिंगचा सॉकेट, ट्रॅकर, जास्तीचे दिवे, ट्रेलरचं वायरिंग. तेही नसेल तर रेग्युलेटरचा कप्लर सोडवून बघा. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की तो गाडी बंद असतानाही करंट खातो.

## ६. फ्यूज, रिले आणि हलणाऱ्या वायरी

फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. आतली पट्टी केसाएवढी तडकलेली असते आणि दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवून, चावी ऑन करून, टेस्ट लॅम्पची क्लिप निगेटिव्हला लावून, त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना आळीपाळीने लॅम्पचं टोक टेकवा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेला. नवा त्याच अँपिअरचा बसवा. तोही उडाला तर पुढे शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तार लावली तर वायरिंग जळेल.

रिलेसाठी शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघणं सगळ्यात जलद. 'क्लिक' वाजला म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. आतले संपर्क जळले तरी तो वाजतो.

मग वायरींकडे वळा. पुढच्या दोन्ही चाकांच्या वेगाचे सेन्सर स्टिअरिंग आणि सस्पेन्शनबरोबर सतत वाकत असतात. रबरी आवरण शाबूत राहतं आणि आतली तार तुटते. सेन्सरचे कोड व्होल्टेज दुरुस्त केल्यावरही परत येत असतील, तर सेन्सरच्या वायरीला प्रोब लावून ठेवा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि वायर बोटांनी हळू वाकवत जा. आकडा उडाला ती जागा. पुढे दोन वेगळ्या मापांचे टायर बसवले असले तरी वेगाचा हिशेब चुकतो, तेवढं आधी बघून घ्या. हँडल वळवल्यावर इंजिन बंद पडत असेल तर स्टिअरिंगच्या हेडपाशी वळणाऱ्या वायरींचा जुडगा उघडा.

मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकवर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटतो का बघा. पेटत असेल तर मागची अर्थ गेली आहे आणि करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय. फायबरच्या बॉडीतून अर्थ मिळत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर फ्रेमपर्यंत यायला हवी. मूळ वायर न सोलता वरून दाबून बसवलेल्या क्लिपा दिसल्या तर त्या काढून सोल्डर किंवा क्रिम्प करा. आत पाणी जाऊन वायर हिरवी पडलेली सापडेल.

## ७. दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. एकदा गाडी चालवून आणा आणि कोणते कोड परत आले ते सुरुवातीच्या यादीशी ताडून बघा. जे परत आले, तेवढ्याच सेन्सरांचा विचार करायचा.

मग पहिल्या चार टप्प्यांचे आकडे पुन्हा घ्या: स्थिर, सेल्फ मारताना, ३,००० आरपीएमला आणि निगेटिव्ह बाजूला खर्ची पडणारं व्होल्टेज. हे चार आकडे तारखेसह कागदावर लिहून सीटखाली चिकटवा. महिन्याभराने पुन्हा मोजा. फक्त स्थिर आकडा ०.२ ने घसरलेला असेल तर पाचव्या टप्प्यापासून सुरू करा. सेल्फ मारतानाचा घसरला असेल तर दुसऱ्यापासून.